एमिल हुडाकचं संपलेलं कार्ड

"मिस्टर हुडाक, तुमचं कार्ड काल रात्री बाराला संपलं," औषधी गांज्याच्या दुकानातली काउंटरमागची मुलगी म्हणाली आणि तिनं कार्ड काचेवरून परत त्याच्याकडे सरकवलं.

एमिलनं ते उचललं नाही. तो सहासष्ट वर्षांचा होता, खाणीतून निवृत्त झालेला, आणि जे पटत नाही त्याला हात लावायचा नाही ही त्याची जुनी खोड होती. "संपेल कसं? तीन आठवड्यांपूर्वी डॉक्टरशी फोनवर बोललो. सव्वाशे डॉलर मोजले. तो म्हणाला, झालं, वर्षभर चिंता नाही."

"सर्टिफिकेट आलंय, मला दिसतंय की. पण ती पहिली पायरी. त्यानंतर तुम्ही राज्याच्या साइटवर जाऊन वेगळे पन्नास डॉलर भरायचे असतात. भरलेत का?"

"मला कुणी सांगितलं नाही."

"दोन महिने आधी ईमेल येतो."

"आला नाही."

मुलीनं उसासा टाकला. डॉक्टरला पैसे दिले की गंगेत घोडं न्हालं असं समजणारी दोन-तीन माणसं रोज तिच्यासमोर येऊन उभी राहायची, आणि सगळी हेच बोलायची. "आज पाचपर्यंत त्यांची फोनलाइन चालू असते. आज पैसे भरले तर कार्ड पुढच्या शुक्रवारपर्यंत टपालानं येईल. आज नाही जमलं तर सोमवार उजाडेल, आणि मग पुढचं सगळंच लांबेल."

"मग तोवर मला एक बाटली दे. फक्त एक."

"माझी नोकरी जाईल, मिस्टर हुडाक."

दारावरच्या रखवालदारानं त्याच्यासाठी दार उघडून धरलं. सामान घेऊन जाणाऱ्यासाठी धरतात तसंच धरलं, आणि रिकाम्या हातांच्या एमिलच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. गाडीत बसल्यावर त्यानं घड्याळ पाहिलं. अडीच. घरच्या बाटलीच्या तळाशी गांज्याच्या तेलाचे दोन दिवसांपुरते थेंब होते, तेही काटकसर केली तर. उजवा पाय आताच उडायला लागला होता.

एकोणीस वर्षांपूर्वी खाणीचं छत त्याच्या पाठीवर आलं. डॉक्टरांनी दुखण्यावरच्या, सवय लागणाऱ्या गोळ्या दिल्या, आणि नऊ वर्षं गोळ्यांनीच त्याला चालवलं. खोटं बोलणं, ओरडणं, पोरीच्या लग्नात बाथरूमच्या फरशीवर झोपून राहणं, सगळं करून झालं. त्यातून व्हर्नानं, त्याच्या बायकोनं, त्याला बाहेर ओढलं. तिनंच हे कार्ड काढलं. अर्ज तिनं भरला, डॉक्टर तिनं शोधला, आणि दर मार्चला डॉक्टरची फी आणि राज्याची फी तिनंच भरली. एमिलचं काम एवढंच, की जिभेखाली थेंब ठेवायचे आणि कडू लागलं म्हणून तोंड वाकडं करायचं. नोव्हेंबरात व्हर्ना कॅन्सरनं गेली. ईमेल कुठे जात होते हे आता त्याच्या ध्यानात आलं.

थेंब नसलेला एक आठवडा म्हणजे काय, हे त्याला नीट माहीत होतं. दुखण्याची त्याला तेवढी भीती नव्हती. भीती होती गॅरेजची. तिथे खिळ्यांच्या डब्यात एक गोळ्यांची बाटली होती, आणि ती तिथे आहे हे जगात फक्त त्यालाच ठाऊक होतं.

घरी येऊन त्यानं फोन लावला. 'तुमच्या आधी सदतीस जण आहेत,' यंत्र म्हणालं आणि पियानो वाजवायला लागलं. सरकारी काम आणि सहा महिने थांब. एमिल काठी टेकत स्वयंपाकघरातून हॉलमध्ये गेला, हॉलमधून परत आला. बसला की पाय उडायचा आणि उभा राहिला की कंबर धरायची. कॉफी केली, प्यायला विसरला. एकवीस जण. खिडकीतून गॅरेजचं दार दिसत होतं, म्हणून पडदा ओढला. मग पडद्यामुळे जास्तच आठवण व्हायला लागली, म्हणून परत उघडला. नऊ जण. चार वाजायला दहा मिनिटं असताना पियानो थांबला.

"लमार बोलतोय. काय मदत करू, सर?"

एमिलनं सगळं सांगितलं, दोनदा, मध्ये डॉक्टरला एक शिवी हासडून. पलीकडून टकटक ऐकू आली.

"तुमचं खातं व्हर्ना हुडाक यांच्या ईमेलवर आहे, सर. पासवर्ड बदलायची लिंक मी तिथे पाठवू शकतो. मिसेस हुडाक जवळ आहेत का?"

"ती बाहेर गेलीय," तो म्हणाला.

"हरकत नाही. आल्या की त्यांना मेल उघडायला सांगा. मध्यरात्रीपर्यंत लिंक चालेल."

"ईमेल बदलता येणार नाही का?"

"येईल. ओळखपत्रासकट फॉर्म पाठवावा लागतो. दहा-बारा दिवस धरा."

"ती आली की सांगतो," एमिल म्हणाला आणि त्यानं फोन ठेवला. मेलेल्या बायकोला आपण बाजारात पाठवलं याची त्याला लाज वाटली, पण ती गेली हे शब्द तोंडातून काढणं त्याला चार महिन्यांत जमलं नव्हतं.

व्हर्नाचा फोन घरात नव्हता. तो बर्निसकडे होता. बर्निस म्हणजे व्हर्नाची थोरली बहीण, सत्तर वर्षांची, आणि तिच्या जिभेला हाड नव्हतं. दफनानंतरही फोन वाजत राहायचा, ओळखीपाळखीचे लोक निरोप ठेवायचे, आणि ते सहन होईना म्हणून एमिलनं तो तिच्या हातात कोंबला होता. त्यानंतर दोघांमध्ये बोलणं नव्हतं. सगळ्या गावाला वाटायचं, गांज्याच्या कार्डावरून बिनसलं. बर्निस त्या कार्डाला 'चिलमीचा परवाना' म्हणायची, त्यामुळे ते खरंही वाटायचं. पण बोलणं एमिलनं टाळलं होतं, आणि त्याचं कारण गॅरेजमध्ये होतं.

तो गॅरेजमध्ये गेलाच. जायचं नाही, नाही म्हणत गेला. डबा उपडा केला, खिळे बाकावर पसरले आणि बाटली घरंगळत हातात आली. लेबलवर व्हर्नाचं नाव होतं. तिच्या अखेरच्या आठवड्यात, ती झोपलेली असताना, त्यानं ती उशाजवळून उचलून खिशात घातली होती. का, हे त्याला त्या वेळीही सांगता आलं नसतं. गोळी खाल्ली नव्हती, फक्त जवळ असावी असं वाटलं होतं. दोन दिवसांनी रात्री व्हर्नाला असह्य झालं. बर्निसनं ड्रॉवर उपसले, पलंगाखाली सरपटून पाहिलं, कचऱ्याची पिशवी जमिनीवर ओतली. शेवटी नर्सला फोन केला, आणि नर्स दुसऱ्या गावाहून यायची होती. तेवढा वेळ व्हर्ना कण्हत राहिली, आणि एमिल खिशात बाटली घेऊन तिचा हात धरून बसला होता. बाहेर काढून दे, एवढंच करायचं होतं. आता देऊ, आता देऊ करत जितका वेळ गेला तितकं ते अवघड होत गेलं.

झाकण उघडून त्यानं एक गोळी तळहातावर घेतली. लहानशी, पांढरी. एकानं काय होतं, हे वाक्य त्याच्या डोक्यात त्याच्याच आवाजात आलं, आणि तो आवाज त्यानं लगेच ओळखला. त्यानं गोळी परत टाकली, झाकण लावलं, बाटली कोटाच्या खिशात घातली आणि गाडी काढली. अडला हरी गाढवाचे पाय धरी, आणि बर्निसच्या लाथा तर पंचक्रोशीत प्रसिद्ध होत्या.

लेंटमधला शुक्रवार होता, म्हणजे बर्निस कुठे असणार हे विचारायची गरज नव्हती. ईस्टरआधीच्या उपासाच्या चाळीस दिवसांत दर शुक्रवारी मांस वर्ज्य, म्हणून अग्निशमन दलाच्या हॉलमध्ये तळलेले मासे मिळायचे आणि सगळं गाव तिथे रांगेत असायचं. बर्निस आत केसांना जाळी बांधून, बटाट्याचं सारण भरलेल्या पिरोगी लोण्या-कांद्यात परतत होती.

"एमिल! रांग मागे आहे," कुणीतरी ओरडलं.

"जेवायला नाही आलो."

"मग काय नाचायला आलायस?"

हशा झाला. एमिल टेबलांमधून काठी आपटत सरळ स्वयंपाकघराच्या खिडकीशी गेला. बर्निसनं मान वर केली, खाली घातली.

"एक मासा की दोन?"

"व्हर्नाचा फोन पाहिजे."

"का?"

"बाहेर ये, सांगतो."

"कढई सोडून? इथेच सांग. गावाला आता काय लपवायचंय तुझं?"

"कार्ड संपलंय," तो हळू म्हणाला. "मेल तिच्या फोनवर गेलाय. आज रात्रीत पैसे भरायचेत."

"चिलमीचा परवाना!" बर्निस म्हणाली, आणि रांगेतल्या पहिल्या चौघांनी एकदम कोबीच्या भाजीकडे बघायला सुरुवात केली. "लोक लेंटमध्ये चॉकलेट सोडतात, बिअर सोडतात. तू ते सोड की. देवानंच मुदत संपवलीय असं समज."

"बर्निस, बाहेर ये."

त्याच्या आवाजात काहीतरी असावं. तिनं उलथनं शेजारणीच्या हातात दिलं आणि हात पुसत मागच्या दारानं बाहेर आली. तिथे वापरलेल्या तेलाचे डबे रांगेनं ठेवले होते आणि वारा बोचत होता. एमिलचा पाय उडायला लागला, म्हणून तो भिंतीला टेकला.

"बोल. माझ्या पिरोगी करपतील."

एमिलला वाटलं, अजूनही नुसतं विनवता येईल. रडगाणं गायलं तर ती शिव्या घालून का होईना, फोन देईल. मग आपण बाटली घेऊन घरी. आणि मग आठवडाभर ती बाटली आणि आपण. त्यानं खिशातून हात बाहेर काढला आणि बाटली तिच्या ओल्या तळहातावर ठेवली.

"कार्ड नसलं तर हे आहे," तो म्हणाला. "म्हणून कार्ड पाहिजे."

बर्निसनं गळ्यातला चष्मा डोळ्यांवर चढवला. तिनं नाव वाचलं. तारीख वाचली. मग परत नाव वाचलं. आत कुणीतरी तिला हाका मारत होतं, तिनं लक्ष दिलं नाही.

"ही मी शोधत होते," ती म्हणाली.

"हो."

"कचरा ओतला होता मी. तुझ्यासमोर."

"माझ्या खिशात होती."

तिनं त्याच्या मुस्काटात मारली. मनापासून मारली, आणि एमिलची काठी डब्यांमध्ये जाऊन पडली. त्यानं गालाला हात लावला नाही. ती मागे वळली, एका डब्याचं झाकण काढलं, बाटली उघडून सगळ्या गोळ्या त्या काळ्या तेलात ओतल्या आणि रिकामी बाटलीही त्यातच बुडवली.

मग तिनं ॲप्रनच्या आतून व्हर्नाचा फोन काढला. चार महिने ती तो रोज चार्ज करून अंगावर बाळगत होती, हे एमिलला आता कळलं.

"काय करायचं सांग," ती म्हणाली.

त्यानं सांगितलं. तिनं मेल उघडला. त्यात राज्याची तीन स्मरणपत्रं न वाचलेली पडली होती, आणि त्यांच्यावर लमारची लिंक. नवा पासवर्ड तिनं विचारला नाही, स्वतःच ठेवला. त्याच्या पाकिटातून बँकेचं कार्ड स्वतःच काढलं आणि आकडे पुटपुटत भरले. पैसे गेल्याची हिरवी खूण आली.

"कधी येईल?"

"शुक्रवारी. कदाचित."

"तोपर्यंत?"

"घरी दोन दिवसांचे थेंब आहेत. पुढचं माहीत नाही, बर्निस. खरंच नाही माहीत."

"तुझं घर मला माहितीये. अजून कुठे काय लपवलंयस देव जाणे." तिनं नाक पुसलं. "माझ्या हॉलमध्ये कोचावर झोपायचं. थेंब मी देईन, मोजून. दुखलं तर ओरडायचं, मला चालेल. मी तुझ्याशी बोलणार नाही, आणि माफ केलं असंही समजू नकोस."

"नाही समजत."

"काठी उचल."

त्याला वाकता येईना. तीच वाकली, काठी तेलाच्या ओघळातून उचलून ॲप्रनला पुसली आणि त्याच्या हातात दिली. दाराशी जाऊन ती थांबली, पण वळली नाही.

"नर्स येईपर्यंत किती वेळ गेला, आठवतं तुला?"

"एक तास चाळीस मिनिटं."

बर्निसनं दाराची कडी धरली. आतून तिच्या नावानं पुन्हा हाका आल्या.

"मला वाटायचं," ती म्हणाली, "त्या घड्याळाकडे मी एकटीच बघत होते."