फांग हमालाचा डावा खांदा

"हा माझा माणूस नव्हे," म्हातारी म्हणाली आणि मातीच्या पुतळ्याकडे पाठ करून स्टुलावर बसली.

शिल्पकार यानबाईंच्या हातातली कोरणी हवेतच राहिली. पुतळा पुरता माणसाएवढा होता. खांद्यावर आडवा बांबू, दोन्ही टोकांना ओझी, पायरी चढताना वाकलेला गुडघा.

"आई, अगं बाबाच आहेत," मुलगा च्युन म्हणाला. "नाक बघ, कान बघ."

"नाक त्यांचंच. कानही त्यांचेच. खांदा कुणाचा आणलात?"

फांग हमालानं छोंगछिंगच्या पायऱ्यांवर एकतीस वर्षं ओझी वाहिली. शहरच डोंगरउतारावरचं, असं, की इमारतीत खालून शिरावं, दहा मजले चढून दार उघडावं, तर समोर पुन्हा रस्ता आणि त्यावर बस उभी. धुकं एवढं, की दोरीवरची आपली विजार शेजारी स्वतःची समजून घालून कामावर जातो आणि संध्याकाळी धुऊन परत आणून देतो. फांगनं एकदा लग्नाचं कपाट चारशे पायऱ्या वर नेलं, आणि उघडून पाहतो तर आत नवरीची आजी डुलकी काढत होती. निदान तान मास्तर तरी असंच सांगत.

तान मास्तर फोटोग्राफर. कोपऱ्यात झाकणाच्या बरणीतून चहा पीत बसले होते. थापा मारण्यात त्यांचा हात धरणारा नदीच्या दोन्ही काठांवर नव्हता, पण ते म्हणत, "थापा मी मारतो. माझा कॅमेरा मारत नाही." त्यांनी काढलेल्या, धुक्यातून वर येणाऱ्या फांगच्या फोटोला पस्तीस वर्षांपूर्वी वर्तमानपत्राचं पहिलं बक्षीस मिळालं होतं. पुढे मास्तरांचं फोटोचं दुकान पाडलं गेलं, पायऱ्या गेल्या, फांगही गेला. आता त्या जागी नवा चौक होत होता आणि त्यात याच फोटोवरून केलेला पितळी फांग उभा राहायचा होता.

"बांबू उजव्या खांद्यावर कसा?" म्हातारी म्हणाली. "एकतीस वर्षं मी डाव्या खांद्याला ठिगळं लावली. उजवा शेवटपर्यंत कोरा होता."

यानबाईंनी भिंतीवरचा फोटो दाखवला. "आजी, इथे उजवाच आहे."

च्युननं त्यांना बाजूला घेतलं. "मागच्या महिन्यात गॅस चालू ठेवून बाजारात गेली. डॉक्टर म्हणाले, हे वाढतच जाणार. तुम्ही करा पुढे. उद्या साचा काढायचाय ना?"

तो हळूच बोलला. पण म्हातारीचे कान शाबूत होते. तिनं आपले दोन्ही हात मांडीवर ठेवले आणि कुठला डावा, कुठला उजवा हे तपासावं तशी त्यांच्याकडे पाहत राहिली.

"असेल," ती म्हणाली. "मीच विसरले असेन."

एवढं बोलताना तिची मान जी खाली गेली, ती पाहून तान मास्तर उठले. पुतळ्याभोवती एक फेरी मारली आणि छातीपाशी थबकले. यानबाई कामाला चोख. फोटोत होती तशी कोटाची बटणंसुद्धा त्यांनी घडवली होती. आणि ती बायकांच्या कोटासारखी डाव्या अंगाला होती.

मास्तरांना फोटो छापला तो दिवस आठवला. स्पर्धेचा शेवटचा दिवस, दर दहा मिनिटांनी जाणारी वीज, घाईघाईनं यंत्रात सरकवलेली फिल्म. उलटी. मागे दुकानाची एखादी पाटी असती तर चूक तेव्हाच ओरडून बाहेर आली असती. पण मागे नुसतं धुकं. उभ्या आयुष्यात एकच गोष्ट त्यांनी खरी म्हणून मिरवली होती.

गप्प बसायला काहीच लागत नव्हतं. बरणीत चहा होता.

"वहिनी," ते म्हणाले, "तुम्ही नाही विसरलात. फोटो मी उलटा छापला."

च्युन हसलाच. "मास्तर, राहू दे हो. तिचं मन राखायला थाप मारता होय!"

"अरे, सत्तर वर्षांत एकदा खरं बोललो, तर तेही खपेना!" मास्तरांनी यानबाईंना बोटानं खुणावलं. "बटणं बघा."

यानबाईंनी पाहिलं. च्युनच्या कोटाला हात लावून पाहिलं, मग पुन्हा पुतळ्याला. मग ओलं फडकं उचलून त्यांनी पुतळ्यावर टाकलं.

"साचा नको उद्या," त्या म्हणाल्या. "पुन्हा उभा करते."

च्युन आईकडे बघेना. म्हातारी मात्र ताठ बसली होती.

"पस्तीस वर्षं त्या उलट्या फोटोवर मिरवलंत?"

"मिरवलं, वहिनी."

"आणि वर माझ्या हातचे नूडल्सही खाल्लेत. बसा आता. चहा गार होतोय."

शरदात चौक खुला झाला. चहूकडे काचेचे मनोरे, मधे पितळी फांग, डाव्या खांद्यावर बांबू घेतलेला. सकाळी गर्दी नसताना तान मास्तर जुना कॅमेरा घेऊन आले. म्हातारी नवा कोट घालून आली होती. ती पुतळ्याच्या उजव्या अंगाला जाऊन उभी राहिली.

"वहिनी, पलीकडून उभ्या राहा. इथे मनोऱ्याची सावली येते तोंडावर."

"पलीकडून कशी? तिकडे त्यांचं ओझं असायचं," ती म्हणाली. "पायऱ्या ओल्या असल्या की मी ह्या अंगानं चालायचे."

आणि तिनं पुतळ्याच्या मोकळ्या पितळी हातात आपली बोटं घातली.

मास्तरांनी पुन्हा उजेडाचं नाव काढलं नाही. कळ दाबली.