डावीकडची जागा

चेंडू डावीकडे गेला, चष्मेवाले दोन पावलं धावले आणि एकदम थबकले. पुढे सगळं कोर्ट मोकळं होतं. चेंडू त्यांच्यासमोर टप्पा घेऊन आरामात कुंपणाला जाऊन लागला.

"काका, तिथे कोणी झोपलंय का?" कोच जाळीपलीकडून ओरडली.

सगळे हसले. चष्मेवालेही हसले. आता त्या पोरीला काय माहीत, की तिने नेमकं तेच विचारलं होतं!

चष्मेवाले म्हणजे बाजारात ज्यांचं चष्म्याचं दुकान होतं ते. बायको अंथरुणाला खिळली तशी त्यांनी दुकानाला कुलूप लावलं, आणि त्यांचं बाहेर पडणंच संपलं. मग परगावच्या मुलाने व्हीआरचा एक डबा पाठवला. "बाबा, खोलीतल्या खोलीत हातपाय तरी हलतील." डबा डोळ्यांवर चढवला की समोर अख्खं टेनिस कोर्ट. एक खोटा मास्तर चेंडू टाकतो, रॅकेट कशी धरायची, पाऊल कुठे टाकायचं ते शिकवतो. जन्मभर लोकांच्या नाकावर चष्मे चढवले, शेवटी आपल्या नाकावर हे धूड आलं, असं ते म्हणायचे.

खेळण्याआधी हातातल्या कांडीने जमिनीवर चौकट आखावी लागते. तिच्या कडेला गेलं की डोळ्यांसमोर निळी जाळी उभी राहते, म्हणजे माणूस भिंतीवर आपटत नाही. चष्मेवाल्यांनी दार आखलं, कपाट आखलं, आणि डावीकडे बायकोच्या कॉटला वळसा घातला. तिथे हातभर जागा जास्तच सोडली. न जाणो, हात लागला तर!

ती उशीला टेकून बघायची. तिला चेंडू दिसायचा नाही, मास्तर दिसायचा नाही, दिसायचा तो फक्त हवेत हात मारणारा नवरा. तरी ठणकावून सांगायची, "आउट!"

"अगं, तुला दिसलं काय?"

"तुमच्या तोंडावरून कळतं."

"तोंड तर डब्यात आहे!"

"उरलंय तेवढं पुरतं मला."

हिवाळ्यात ती गेली. कॉट भाड्याची होती, माणसं येऊन घेऊन गेली. डबा सुरू केला की आधी विचारतो, जुनीच चौकट ठेवायची का? चष्मेवाले दर वेळी हो म्हणत राहिले. पण आता बघायला कोणी नव्हतं. घर खायला उठलं, तेव्हा कुठे ते खऱ्या कोर्टावर आले.

खेळ संपल्यावर कोचने त्यांना बाजूला घेतलं.

"काका, डब्यावर शिकून आलात ना?"

"कशावरून?"

"पायांवरून कळतं हो. माणसं आपापली खोली बरोबर घेऊन येतात. एक ताई होत्या, मागे सरकल्या की वाकायच्या. घरी डोक्यावर माळा होता!" ती हसली. "घरी जाऊन चौकट मोठी आखा. डावीकडे काही ठेवलं असेल तर हलवा."

"काही नाही तिथे."

"मग झालं तर! शनिवारी जोड्यांचे सामने आहेत. डावीकडचा प्रत्येक चेंडू पोस्टातल्या बाईंनीच धावून घ्यायचा, हे काही बरं नाही. नाहीच जमलं, तर तुम्हाला परत भिंतीवर घालावं लागेल."

भिंतीवर म्हणजे कोर्टामागच्या भिंतीशी एकट्याने चेंडू मारत बसायचं. चष्मेवाल्यांच्या जोडीच्या पोस्टातल्या बाई अखंड बोलायच्या, गुडघ्यापासून सुनेपर्यंत सगळं. त्यांचं निम्मं यांच्या डोक्यावरून जायचं, पण आठवडाभरात यांच्याशी कोणी बोलत असेल तर त्याच. भिंती काय, घरी होत्याच की.

त्या संध्याकाळी त्यांनी डबा चढवला. जुनीच चौकट ठेवायची का? अंगठा सवयीने हो म्हणायला निघाला, तो त्यांनी आवरला. खोली करड्या रंगाची दिसू लागली. फरशीवरचे कॉटच्या चाकांचे डाग त्यात दिसत नव्हते, तेवढं बरं झालं.

रेघ दारापासून निघाली, कपाटाशी आली आणि पुढे आपोआप वळली. त्यांनी ती पुसली. पुन्हा आखली, पुन्हा हात वळला.

"जरा सरकतेस का?" ते मोठ्याने म्हणाले, आणि स्वतःच्याच आवाजाने दचकले.

मग कांडी दोन्ही हातांनी धरून त्यांनी रेघ थेट खिडकीच्या भिंतीपर्यंत ओढली. आणि त्यांना रडू फुटलं. डब्यात रडायची काही सोय नसते, भिंगं धुरकटतात. चष्मेवाल्याला हे कोणी सांगायला हवं होतं का? भिंगं पुसून त्यांनी डबा परत चढवला. मास्तरने डावीकडे चेंडू टाकला. चष्मेवाले गेले.

"उत्तम!" मास्तर म्हणाला. त्याला काय, तो कोणालाही म्हणतो.

शनिवारी त्यांची जोडी हरली. पण डावीकडचे चेंडू चष्मेवाल्यांनी एकट्याने घेतले, एक तर असा परतवला की समोरचे दोघं बघतच राहिले. पोस्टातल्या बाईंनी त्यांच्या पाठीत जोरात थाप मारली.

"अहो, इतके दिवस काय झोपा काढत होतात? आता सोडत नाही मी तुम्हाला! पुढच्या सामन्याचं कळलं की फोन करते."

चष्मेवाले घरी आले ते शीळ घालतच. स्वयंपाकघरात पाणी प्यायले, फोन तिथेच ठेवला, खोलीत शिरले आणि सरळ जाऊन खिडकी उघडली. गार वारा आत आला. कडीवर हात असतानाच त्यांच्या लक्षात आलं, आपण कुठून आलो ते.

डबा चढवून गेले होते ते वेगळं, तेव्हा डोळ्यांसमोर कोर्ट असायचं. कॉट आल्यापासून उघड्या डोळ्यांनी ते त्या जागेवरून कधी आले नव्हते. कॉट नेल्यावरही कपाटाकडून, भिंतीच्या कडेकडेने, वळसा घालूनच यायचे. आज पायांनी साधं विचारलंसुद्धा नाही.

शीळ थांबली.

स्वयंपाकघरात फोन वाजू लागला. पोस्टातल्या बाईच असणार, दुसरं कोण करतंय? चष्मेवाल्यांनी समोरच्या मोकळ्या फरशीकडे पाहिलं. सरळ गेलं तर चार ढांगांवर दार होतं. ते भिंतीच्या कडेला वळले. कोपऱ्यातून, कपाटाला खांदा घासत, हातभर जागा सोडून, सावकाश वळसा घालून गेले.

पोचेपर्यंत फोन थांबला होता.

परत वाजेल, म्हणून ते ओट्याला टेकून उभे राहिले.