मल्होत्रा साहेबांचा फोन

प्रेसवाल्याशी लग्न केलं की नवरा आत काय काम करतो ते विचारायचं नाही, हे मला सासूबाईंनी पहिल्याच आठवड्यात सांगून टाकलं. नोटा छापतात, एवढं तर साऱ्या नाशिक रोडला माहीत. पण आज मशीन चाललं की बंद पडलं, साहेब कोणावर ओरडले, यातलं एक अक्षर घरी यायचं नाही. सुटी झाली की गेटवर झडती द्यायची आणि बाहेर पडताना तोंडाला कुलूप लावायचं. आमचे हे तर सगळ्यांच्या वरताण. शेजारचे नाथाभाऊ निदान कॅन्टीनच्या भाजीला तरी शिव्या घालायचे, हे मिठाची गुळणी धरून बसायचे. मी म्हणायची, "अहो पगारे, भाजी कशी होती एवढं सांगितलं तर सरकार पडणार आहे का?" तर नुसते हसायचे. अशा माणसाशी भांडायचं तरी कसं?

दोन हजार सहा साली हे रिटायर झाले. शाल मिळाली, नारळ मिळाला, भाषणं झाली, आणि आता थोड्याच महिन्यांत क्वार्टर सोडायची होती. त्याची मला मुळीच चिंता नव्हती. फंड आणि ग्रॅच्युइटीचे पैसे बँकेत जमा झाले होते, जेलरोडला फ्लॅट बुक केला होता. दोन खोल्या आणि किचन, पूर्वेची खिडकी. सारा जन्म सरकारी भिंतीत काढला हो मी. खिळा ठोकायचा तरी जिवाला धाकधूक. आता स्वतःच्या भिंतीवर बाबासाहेबांचा आणि बुद्धांचा फोटो लावायचा, ओटा माझ्या उंचीचा करून घ्यायचा. भन्तेजींना नव्या घरातल्या परित्राण पाठासाठी शब्दसुद्धा घालून ठेवला होता मी. आमची रोशनी कळवणला शाळेत शिकवते, ती म्हणायची, "आई, आधी किल्ली तर मिळू दे!" मी म्हटलं, किल्ली कुठे पळून जातेय?

ह्यांनी तेव्हा नवा मोबाईल घेतला होता. संध्याकाळी तो वाजला की उठून गॅलरीत जायचे, दार ओढून घ्यायचे, हळू बोलायचे. कधी बिटको चौकातल्या सायबर कॅफेत जाऊन बसायचे. एकदा मी विचारलं, कोणाचा फोन? म्हणाले, "आतलं काम आहे." झालं! आतलं काम म्हटलं की माझी जीभ आपोआप गप्प बसते, तीस वर्षांची सवय. खरं सांगू, मला तर बरंच वाटलं. नाथाभाऊ रिटायर झाले तर त्यांना कुत्रं विचारत नव्हतं, आणि आमच्या ह्यांना अजून वरून फोन येतात! ताठ चालायचे त्या दिवसांत. दाढी रोज करायचे.

मग एक दिवस बिल्डरचा माणूस दारात. "काकू, मागचे दोन हप्ते आले नाहीत. साहेब म्हणतात, या महिन्यात नाही भरले तर फ्लॅट दुसऱ्याला देऊ." मी त्यालाच झापलं. म्हटलं, चूक तुमची असेल, आमच्याकडे पैसे काय कमी आहेत? तो गेला, आणि मी ह्यांच्याकडे बघितलं. हे खाली बघत होते.

"अहो, हप्ते भरले नाहीत?"

हे मोबाईल घेऊन गॅलरीत गेले आणि दार ओढून घेतलं.

दुसऱ्या दिवशी मी बँकेत गेले. खात्यावर माझंही नाव होतं. काउंटरवरच्या पोराने मशीनमध्ये बघितलं आणि आवाज बारीक करून म्हणाला, "काकू, काकांनी सगळे दिल्लीच्या एका खात्यात पाठवलेत. आम्ही विचारलं होतं, तर म्हणाले, ऑफिसचं काम आहे." तिथल्याच फोनवरून मी रोशनीला बोलावून घेतलं.

रोशनी रात्रीच्या एसटीने आली. वडिलांचा मोबाईल तिने हिसकावूनच घेतला. आत मल्होत्रा नावाच्या कोणाचे मेसेज. प्रेसमधल्या निवडक रिटायर माणसांसाठी सरकारने गुपचूप निधी काढलाय, वर्षात पैसे दुप्पट. बायकोला, मुलांना, बँकेला बोलायचं नाही, बोलेल त्याचं नाव कटणार. रोशनीने कपाळावर हात मारला. "आई, हे चोर आहेत! पप्पांना लुटलंय!"

आम्ही ह्यांना पोलिसात नेलं. फौजदार तरुण होता, बरा होता बिचारा, चहा मागवला. म्हणाला, "बाबा, पैसे तुमच्या सहीने गेलेत. फोनवर काय बोलणं झालं, कधी झालं, सगळं तुम्हीच सांगा. आज लिहून दिलं तर ते खातं थांबवता येईल. उशीर केलात तर ते लोक काढून मोकळे होतील."

हे खुर्चीवर ताठ बसले होते, दोन्ही हात गुडघ्यांवर. म्हणाले, "मला काही सांगायचं नाही."

"अहो बोला!" मी ओरडले. सगळं ठाणं बघायला लागलं. "आयुष्यभर नाही बोललात ते नाही बोललात, आज तरी तोंड उघडा! घर चाललंय आपलं!"

"मला काही सांगायचं नाही."

रोशनी रडली, पाया पडली बापाच्या. फौजदाराने दम देऊन बघितला, मग समजावून बघितलं. ताकास तूर लागू देईनात. शेवटी तो मला म्हणाला, "बाई, फसवलं असं हे स्वतः म्हणत नाहीत, तर मी कोणाविरुद्ध काय लिहू?" घरी आलो. मी जेवण केलं नाही, भांडी आपटली, नको नको ते बोलले. ह्यांच्या मेलेल्या आईचासुद्धा उद्धार केला. हे गॅलरीत मोबाईल घेऊन बसलेले. फोन यायचा बंद झाला होता. हे लावायचे तर स्विच ऑफ.

तीन-चार दिवस असेच गेले. मग एका दुपारी, मी गहू निवडत होते, तर माझ्यासमोर येऊन जमिनीवर बसले. आवाज असा की माझा नवरा बोलतोय हे मलाच कळेना.

"आशा, मला वाटलं माझी परीक्षा घेतायत. तू, रोशनी, पोलीस... सगळे त्यांनीच पाठवलेत. मी बोलतो की नाही ते बघायला."

"आणि बोलला असतात तर?"

"नोकरी गेली असती."

"अहो कसली नोकरी?" मी म्हटलं. "रिटायर झालात ना तुम्ही!"

गव्हातला एक खडा उचलून त्यांनी बाजूला ठेवला. मग म्हणाले, "रोशनी म्हणते, कोणाला सांगू नका असं लिहिलं की समजायचं, चोर आहे. मला तर तेवढ्यावरूनच वाटलं, खरं ऑफिस आहे." आणि लहान पोरासारखे रडायला लागले. मला त्यांना मारावंसं वाटत होतं आणि जवळही घ्यावंसं वाटत होतं. गव्हाचं ताट तसंच बाजूला ठेवून मी त्यांचं डोकं धरून बसले.

त्याच दिवशी तक्रार दिली. फौजदाराने दिल्लीला कळवलं. उत्तर आलं, खातं खोट्या नावाचं, पैसे आम्ही पहिल्यांदा ठाण्यात गेलो त्याच्या दुसऱ्या दिवशी काढलेले. "काकू, खोटी आशा देत नाही," तो म्हणाला. बँक म्हणाली, आमचा दोष नाही. बिल्डरने बुकिंगचे पैसे कापून उरलेले परत केले आणि फ्लॅट दुसऱ्याला दिला. वकिलाने बघू म्हणून फी घेतली. क्वार्टर सोडून आम्ही देवळाली गावात एका भाड्याच्या खोलीत आलो. ओटा एवढा बुटका की कंबर मोडते. हे दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडून असतात. जेवा म्हटलं की जेवतात, झोपा म्हटलं की झोपतात. मोबाईल माझ्याकडे असतो.

काल तो वाजला. नंबर नवाच.

"भाभीजी नमस्ते. मैं मल्होत्रा बोल रहा हूँ."

मी खोलीतून बाहेर आले, जिन्यात उभी राहिले आणि सुटले. मुडदा बसवला मी त्याचा! माझ्या कॉलनीत, माझ्या माहेरी जेवढ्या शिव्या ऐकल्या तेवढ्या दिल्या, मराठीत, मोडक्या हिंदीत. तुझ्या आईबापाला असंच कोणी लुटो म्हटलं. घसा बसला. तो मेला फोन ठेवेल म्हणून मी वाट बघत होते. त्याने ठेवला नाही. सगळं ऐकून घेतलं.

मग शांतपणे, अर्ध्या हिंदीत अर्ध्या मराठीत म्हणाला, "आपका हक है, भाभीजी. पण पैसे गेलेले नाहीत, वर अडकलेत. तुमची फाईल माझ्या टेबलवर आहे. थोडी फी भरली की सुटतील. नको असेल तर आज बंद करून टाकतो. बोला, बंद करू?"

मला सगळं कळत होतं हो. हा चोर आहे, हाच तो, याला एक पैसा द्यायचा नाही. पण फौजदार नाही म्हणाला, बँक नाही म्हणाली, वकील तर फोनच उचलत नाही. पैसे मिळतील म्हणणारा साऱ्या जगात हा एकटाच उरला होता. गळ्यातली पोत मुठीत धरून तशीच उभी.

"भाभीजी? करूँ बंद?"

आत ह्यांनी कूस बदलल्याचा आवाज आला. मी दार ओढून घेतलं आणि हळू आवाजात विचारलं, "किती भरायचे?"