पायाखालचा कागद

मित्रांनो, मी सहावीच्या वर्गातली एक जुनी लाकडी खुर्ची आहे. माझी जागा फळ्याजवळ नाही. शेवटच्या बाकामागे, कपाटाला खेटून आहे. सगळे बाक बनवून झाल्यावर सुताराने उरल्यासुरल्या लाकडातून मला ठोकले आणि घाईत माझा मागचा डावा पाय जरासा आखूड राहिला. "बसणाऱ्याला म्हणावं, उजवीकडे भार टाका," एवढे सांगून तो पुढच्या कामाला निघून गेला. तेव्हापासून मी डुगडुगते.

मागे ठेवलेल्या खुर्चीवर कोण बसणार? ज्याला वर्ग बघायचा असतो तो. आमचे मुख्याध्यापक, म्हणजे मोठे सर, माझ्यावर बसून प्रत्येकाचा तास बघत. त्यांच्याबरोबर मीही बघे. काही जण मुलांकडे पाठ करून फळ्याशीच बोलत. काहींचा आवाज एवढा, की शेजारच्या वर्गाचाही तास व्हावा. गणिताच्या बाई मात्र बाकांमधून फिरत आणि ज्याला येत नसे त्याच्याजवळ उकिडव्या बसत. मोठे सर त्यांचा तास बघताना लिहायचे विसरून जात. अशी अकरा वर्षे गेली.

आणि एक दिवस वरून पत्र आले. ज्याच्याकडे शिक्षक-प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र नसेल, त्याला पुढच्या वर्षापासून वर्गावर उभे राहता येणार नाही. बाईंकडे पदवी होती, पण ते प्रमाणपत्र नव्हते. हातच्या कांकणाला आरसा कशाला, असे आपण म्हणतो. पण सरकारी टेबलावर आरसाच लागतो.

"कॉलेजात दोन वर्षं जाऊन बसायचं म्हटलं तर सासूबाईंना कोण उठवणार, कोण भरवणार?" बाई म्हणाल्या. शाळा सुटली होती आणि मोठे सर माझ्यावर बसले होते.

"दुसरी वाट आहे," सर म्हणाले. "नोकरी सोडायची नाही. दर शनिवारी अभ्यासवर्ग, वर्षभराच्या तुमच्या तासांची एक फाईल, आणि तपासनीस बाई तीनदा येऊन तुमचा वर्ग बघणार. तिसऱ्या भेटीत निकाल. मात्र ही सवलत याच वर्षापुरती आहे हं."

बाईंनी त्याच दिवशी अर्ज भरला. आता शाळा, सासूबाई आणि अभ्यास अशी तिहेरी कसरत सुरू झाली. बाईंच्या अगदी नाकी नऊ आले. कपाटावर फाईल ठेवून त्या मधल्या सुट्टीत उभ्याउभ्याच लिहीत. मला त्यांची फार काळजी वाटे. बसा की हो जरा, असे म्हणावेसे वाटे. पण खुर्चीला कुठे वाचा असते?

अशात एक तास सपशेल फसला. अपूर्णांकांची बेरीज होती. पाठाचे टाचण सुंदर, अक्षर मोत्यासारखे. पण एक द्वितीयांश अधिक एक तृतीयांश किती, असे विचारताच अख्खा वर्ग एका सुरात म्हणाला, "दोन पंचमांश!" मुलांनी वरचे वरच्यात मिळवले होते, खालचे खालच्यात. बाईंचा चेहरा पडला. मुले गेल्यावर त्यांनी टाचणाच्या पाठीमागे भराभर काहीतरी लिहिले. दुसऱ्या दिवशी कागदाच्या पट्ट्या घेऊन आल्या आणि तोच तास पुन्हा घेतला.

फाईलमध्ये मात्र तो कागद गेला नाही. तिथे एक कोरे पान होते: 'न जमलेला एक पाठ आणि त्यावर केलेला उपाय.' परीक्षेत आपलीच चूक कोण दाखवतो? हा नक्की सापळा, असे बाईंना वाटले. त्यांनी त्या पानावर नेटक्या अक्षरात लिहिले, 'लागू नाही.' मग त्यांचे लक्ष माझ्याकडे गेले. माझ्या डुगडुगण्याने तपासनीस बाई दोनदा वैतागल्या होत्या. बाईंनी तो फसलेला कागद आठ घड्या घालून माझ्या आखूड पायाखाली सरकवला. झाकली मूठ सव्वा लाखाची! मी जन्मात पहिल्यांदा ताठ उभी राहिले. खरे सांगते, मला आनंदच झाला.

तिसऱ्या भेटीला तपासनीस बाई आल्या, माझ्यावर बसल्या. तास छान झाला. मग त्यांनी फाईल उघडली आणि चाळता चाळता 'लागू नाही' लिहिलेल्या पानाशी थांबल्या.

"अकरा वर्षांत एकदाही पोरं चुकली नाहीत?"

तपासनीस बाईंनी फाईल उंच धरून ते पान बाईंना दाखवले.

"अहो, हेच तर बघायला आम्ही येतो. सगळे पाठ यशस्वी झाले, असं लिहिणाऱ्याला मी काय म्हणून पास करू? हे पान असं असेल तर माझी सही होणार नाही."

त्यांना हवे होते ते त्यांच्याच बुडाखाली होते, आणि मी मुकी! पण बाई शेवटच्या बाकाकडे आल्या.

"जरा उठता का?"

"मी?" तपासनीस बाई चक्रावून उठल्या. बाईंनी खाली वाकून कागद ओढला. मी कलंडता कलंडता सावरले. धुळीने माखलेला, चेपलेला तो कागद त्यांनी पदराने पुसून पुढे केला. तपासनीस बाईंनी उभ्यानेच पाठची बाजू मोठ्याने वाचली:

"'मी रीत सांगितली, कारण सांगितलं नाही. चूक मुलांची नाही. उद्या पट्ट्या.'"

एवढ्यात चिमणी, वर्गातली सगळ्यात लहानखुरी मुलगी, न विचारताच उठली. तिने कंपासपेटीतून दोन पट्ट्या काढल्या. एकीवर अर्ध्याची घडी होती, दुसरीवर तिसऱ्या हिश्श्याची. तिने दोन्ही पट्ट्या आणखी दुमडून सहा-सहा भागांच्या केल्या आणि बोटाने मोजले. "हे तीन आणि हे दोन. पाच षष्ठांश. त्या दिवशी आम्ही सगळेच चुकलो होतो. बाईपण."

वर्ग हसला. बाईही हसल्या, पण त्यांचे डोळे भरून आले होते. तपासनीस बाईंनी 'लागू नाही' खोडले, तो मळका कागद तिथे टाचला आणि सही केली.

आता माझ्यावर बाईच बसतात. सवलतीची मुदत वाढली, त्यामुळे नवीन आलेल्या मास्तरांचेही प्रमाणपत्र व्हायचे आहे आणि त्यांचे तास व फाईल बघायचे काम बाईंकडे आहे. काल मी डुगडुगले, तसे मास्तरांनी खिशातून एक घडी घातलेला कागद काढला आणि माझ्या पायाखाली घालायला वाकले. बाईंनी त्यांचा हात धरला.

"आधी उलगडा. काय लिहिलंय ते बघू."

मास्तर लाजले. कागद त्यांच्या परवाच्या फसलेल्या तासाचा होता.

मित्रांनो, मी म्हातारी झाले आहे, माझे सांधे कुरकुरतात. एखादी खुर्ची डुगडुगत असेल तर तिला फेकू नका, सुताराला बोलवा. आणि तो येईपर्यंत पायाखाली कागद घालावाच लागला, तर आधी तो एकदा वाचून बघा.