मधल्या खोलीतला आवाज

सुमतीबाईंना हायवेवरच्या ट्रकांचा कधी त्रास झाला नाही. लग्न होऊन मंचरला आल्या तेव्हापासून त्या हायवेलगतच्या त्याच घरात राहत होत्या. खाली कांदा-बटाट्याची आडत, वर राहतं घर, आणि खिडकीबाहेर चोवीस तास हॉर्न. पण न्हाणीघरात पाय घसरून खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन होऊन त्या पलंगाला खिळल्या, आणि तेव्हापासून शेजारच्या मधल्या खोलीत सुनेचा कॉम्प्युटर सुरू झाला की त्यांचं डोकं उठायचं. ट्रकचा आवाज बाहेरचा, हा घरातला, असं त्या म्हणत.

सून म्हणजे चेतना. तिचं माहेर जुन्नरचं. लग्नाआधी तिनं तिथल्या एका क्लासात डीटीपी शिकून घेतलं होतं आणि क्लासात शिकवणाऱ्या कौसरशी तिची घट्ट मैत्री जमली होती. हा कॉम्प्युटर खरं तर तिच्या नवऱ्यानं, पारसनं, आडतीवर बिलं काढायला घेतला होता. पण कांद्याची फोलपटं आणि धूळ आत जाऊन तो सारखा बंद पडायला लागला, तेव्हा दुरुस्तीवाल्यानं सांगितलं की याला वर घरात ठेवा. असा तो मधल्या खोलीत आला, लोखंडी टेबलावर बसला, आणि चेतनाच्या हाताला लागला.

संध्याकाळी ती दुकानाची कामं करून द्यायची. दिवसा सावळेराम प्रेसवाल्यांच्या लग्नपत्रिका टाइप करून मांडायची. सावळेराम मजकुराचे कागद आणून देत आणि फ्लॉपी घेऊन जात. लोणीत कुणाचं लग्न निघालं, घोडेगावच्या कुठल्या घरात किती मामा आहेत, कुणाचा मांडव शाळेपुढच्या पटांगणात उभा राहणार आहे, हे सगळं चेतनाच्या बोटांखालून जायचं. टाइप करता करता ती मनानं त्या गावांमधून फिरून यायची. एरवी तिचं फिरणं उरलंच नव्हतं. सकाळी जैन स्थानकात प्रवचनाला जायची, तेही सासूनं अंथरूण धरल्यापासून बंद झालं होतं.

अर्थात हे काही कायमचं नव्हतं. साखरपुड्याच्या वेळीच पारसनं तिला सांगितलं होतं, की थोडे दिवस मंचर, मग पुण्याला मार्केट यार्डात गाळा घ्यायचा आणि तिकडंच राहायचं. लग्नाला दोन वर्षं होऊन गेली होती. ती मधूनमधून विचारायची. पारस म्हणायचा, पुढच्या वर्षी.

मग एका दुपारी सुमतीबाईंनी मुलाला बोलावून सांगितलं की ते यंत्र खाली दुकानात तरी ने, नाहीतर विकून टाक. पारस आईला म्हणाला, बघू. चेतनालाही म्हणाला, बघू. चेतनाला त्यातलं सगळं कळलं. आडतीवर हमाल आणि शेतकऱ्यांच्या गर्दीत घरातली बाई बसत नसे. यंत्र खाली गेलं की पत्रिकाही गेल्या. तिनं ठरवलं, यंत्राचाच आवाज बंद करायचा.

पहिल्या दिवशी तिनं सरळ एक जाड गोधडी घेतली आणि सीपीयूचा डबा चहूबाजूंनी गुंडाळून टाकला. आवाज लगेच दबला. सुमतीबाई म्हणाल्यासुद्धा, की हां, आता बरं वाटतंय. पण थोड्या वेळानं पडदा काळा झाला आणि यंत्र बंद पडलं. गोधडी काढून पाहते तर डब्याला हात लावता येईना. निम्मी झालेली पत्रिका गेली ती गेलीच.

तिनं जुन्नरला कौसरला फोन लावला. कौसर खूप हसली, मग शहाण्यासारखं सगळं समजावून सांगितलं. यंत्राला श्वास घ्यायला जागा ठेवायची, भोकं बुजवायची नाहीत. आधी आवाज कुठून येतो ते शोधायचं. बाजारातलं काही आणायला नको, घरातल्या वस्तूंवर भागतं.

चेतना दुपारी सासूचा डोळा लागला की कामाला लागायची. डब्यावर हात ठेवून कान जवळ न्यायची. एक घरघर होती, ती डब्यापेक्षा लोखंडी टेबलातूनच जास्त येत होती. तिनं जुन्या स्लिपरचे चार तुकडे कापले आणि डब्याच्या चारी पायांखाली सरकवले. घरघर निम्म्यावर आली. बाजूचा पत्रा थरथरत होता. सायकलच्या फाटक्या ट्यूबच्या बारीक चकत्या करून तिनं स्क्रूखाली बसवल्या, हार्ड डिस्कच्या स्क्रूखालीही बसवल्या. डब्यातल्या पंख्याची किरकिर राहिली होती. पंख्याच्या मधोमध चिकटवलेला कागद सोलून तिनं शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब आत सोडला आणि कागद पुन्हा चिकटवला.

आता उरली ती नुसती घुमघुम. त्यासाठी कौसरनं सांगितलं होतं, पत्र्याला आतून अंड्यांचे पुठ्ठ्याचे ट्रे लाव. हे चेतनाला जमण्यासारखं नव्हतं. जैनाच्या घरात अंड्यांचे ट्रे, रिकामे का होईना, आले असते तर यंत्राच्या आधी तीच खाली गेली असती. दोन दिवस ती त्यावर विचार करत होती. तिसऱ्या दिवशी धुणीभांडी करणारी बायडाबाई फळवाल्याकडून चूल पेटवायला रिकामी पेटी घेऊन आली. पेटीत सफरचंदं ठेवायचे जांभळे ट्रे होते. तोच खडबडीत पुठ्ठा, तेच खळगे. चेतनानं ते मागून घेतले, पत्र्याच्या मापानं कापले आणि फेविकॉलनं आतून चिकटवले. आतल्या तारांना, सर्किटच्या पाट्यांना कुठं लागू दिले नाहीत, हवेची भोकं मोकळी ठेवली.

रात्रभर सुकू देऊन सकाळी तिनं बटण दाबलं. पडद्यावर चित्र आलं तेव्हा तिला कळलं की यंत्र चालू झालंय.

सुमतीबाई दुपारपर्यंत वाट बघत राहिल्या. मग त्यांनी विचारलं, आज काम नाही का. चेतना म्हणाली, सकाळपासून चालू आहे. त्या इतक्या खूश झाल्या की दोन्ही खोल्यांमधलं बंद दार त्यांनी उघडायला लावलं. आता कशाला हवं बंद, म्हणाल्या.

दार उघडलं आणि चेतनाचा दिवस बदलला. आधी सासूनं हाक मारली तर ती एकदा-दोनदा ऐकू न आल्यासारखी बसून ओळ पुरी करू शकायची, आवाजाचं निमित्त होतं. आता ते निमित्त राहिलं नाही. पाणी दे. कूस बदल. कुणाचं लग्न टाइप करतेस, वाचून दाखव. पडदा ओढ, ऊन येतंय. सुमतीबाई मनानं वाईट नव्हत्या. त्यांना दिवस जात नव्हता आणि हाकेच्या अंतरावर एक माणूस होतं. पण चेतनाला घड्याळाची टिकटिक ऐकू येऊ लागली, सासूच्या जपमाळेचे मणी ऐकू येऊ लागले. सगळं घर तिच्या कानाशी येऊन बसलं.

असंच एके दुपारी पारस जेवून आईपाशी बसला होता. दारावर नुसता पडदा होता. इतके महिने यंत्राच्या घुमघुमीत मायलेक जसे बोलत आले होते, तसेच ते बोलत होते. मध्ये आडोसा उरला नाही हे दोघांच्याही ध्यानात आलं नव्हतं.

"ती अजून पुण्याचं विचारते का रे?"

"विचारते."

"मग काय सांगतोस?"

"पुढच्या वर्षी म्हणतो."

"तसंच म्हणत जा. म्हणता म्हणता एखादं मूल होईल, मग विसरेल."

"हं," पारस म्हणाला.

चेतनाची बोटं चालूच राहिली. सावळेरामांनी नंतर ती पत्रिका परत आणली. वधूच्या जागी वराच्या आत्याचं नाव पडलं होतं.

संध्याकाळी तिनं पारसला स्वयंपाकघरात गाठलं आणि विचारलं, "गाळा बघायला तुम्ही एकदा तरी गेलात का?"

पारसनं आधी दरवाजाकडे पाहिलं. "हळू बोल," तो म्हणाला. "मम्मी ऐकतील."

ते खरं होतं, त्या ऐकत होत्या. पलीकडे मण्यांचा आवाज थांबला होता. चेतनाला पहिल्यांदाच कळलं, की या घरात आता भांडायला सोय नाही आणि रडायलाही. तिनं कुकर लावला आणि शिट्टी होईपर्यंत ओट्यापाशी उभी राहिली. शिट्टी झाल्यावर थोडंसं रडून घेतलं.

दुसऱ्या दिवशी चेतना कूस बदलून देत असताना सुमतीबाईच म्हणाल्या, "तू ऐकलंस."

"ऐकलं."

"मीच त्याला बोलले. तू गेलीस तर मला उठवणार कोण?" त्या भिंतीकडे तोंड करून बोलत होत्या. "मी सोळाव्या वर्षी राजस्थानातून या घरात आले. मला तर पुढच्या वर्षीचंही कुणी सांगितलं नव्हतं."

चेतनाला त्यावर राग धरता येईना आणि सोडताही येईना. तिनं पाठीला पावडर लावली, चादर ओढून सरळ केली आणि कामाला बसली.

सावळेरामांनी प्रेसचा कॉम्प्युटर तिच्याकडून तसाच शांत करून घेतला आणि ही गोष्ट बाजारपेठेत पसरली. मेडिकलवाल्याचा सीपीयू आला, पतसंस्थेचा आला. माणसं डबे खांद्यावर घेऊन जिना चढायची, चेतना ट्यूब कापायची, ट्रे चिकटवायची, आणि डबे शांत होऊन खाली जायचे. सुमतीबाई पलंगावरून आल्यागेल्याची चौकशी करायच्या. त्यांना सुनेचं कौतुक वाटे, आणि त्या ते बोलूनही दाखवत. यंत्रं येत आणि जात. चेतना तिथंच असे.

श्रावणात घोडेगावच्या एका डॉक्टरांचा निरोप आला. त्यांच्या दवाखान्यातला कॉम्प्युटर दुसऱ्या यंत्रांना जोडलेला होता, तो हलवता येत नव्हता. त्या घरघरीत छातीचे ठोके ऐकू येत नाहीत, तर ताईंनीच यावं, जीप पाठवतो. निरोप घेऊन आलेल्या गेणभाऊ ड्रायव्हरला सुमतीबाईंनी पलंगावरूनच सांगितलं, की आमची सून कुठं जात नाही. चेतना पडद्याआडून बाहेर आली. "गुरुवारी येते," ती म्हणाली. सुमतीबाईंनी जपमाळ उचलली.

त्या गुरुवारी बायडाबाई आलीच नाही. कांदा भरायच्या मजुरीला गेली होती. जीप खाली येऊन उभी राहिली, गेणभाऊंनी दोनदा हॉर्न दिला. त्याच वेळी सासूला लघवीचं भांडं द्यायला लागलं. चेतना हात धुऊन खिडकीशी आली तोवर जीप वळत होती. पुढच्या गुरुवारी सुमतीबाईंना ताप होता.

त्याच्या पुढच्या गुरुवारी ती गेली. बायडाबाईला सकाळीच जेवायला घालून बसवलं, दोन्ही औषधं दाखवली, आणि स्लिपरचे तुकडे, ट्यूब, ट्रे पिशवीत घालून जिना उतरली. पारस गल्ल्यावर होता. त्यानं पाहिलं आणि मान खाली घातली.

दवाखान्यातलं काम दोन तासांत झालं. डॉक्टरांनी चहा पाजला. परतीच्या वाटेवर भीमाशंकरला जाणाऱ्या यात्रेकरूंच्या गाड्या एकामागोमाग समोरून येत होत्या, आणि मंचर जवळ आलं तसं सगळंच थांबलं. लिलावाचा दिवस होता. कांद्याचे ट्रॅक्टर, ट्रक, एसट्या, कुणालाच पुढं जाता येईना आणि सगळे हॉर्न वाजवत होते. जीपचं इंजिन खालून धडधडत होतं. खिडकीची काच खडखडत होती. चेतनानं डोकं मागं टेकवलं. इथं तिला कुणी हाक मारली असती तरी ऐकू आली नसती.

गेणभाऊ मागं वळून मोठ्यानं म्हणाले, "ताई, लई गर्दी हाय. घरी जायला उशीर व्हनार बघा."

"होऊ दे," ती म्हणाली. त्यांना ऐकू गेलं नसावं, म्हणून तिनं पुन्हा, मोठ्यानं सांगितलं, "होऊ दे उशीर."