तीनशे नऊ फोटोंचं नाशिक

देवरे सर सरकारी खात्यातून निवृत्त झाले, पण त्यांची साहेबी काही निवृत्त झाली नाही. शिपायांच्या जागी आम्ही आलो, एवढाच फरक. त्यांनी छायाचित्र मंडळ काढलं आणि पहिल्याच बैठकीत स्वतःला अध्यक्ष नेमलं. मी लग्नाचे अल्बम बनवते, संगणकावर हात बसलेला आहे, म्हणून मला ‘तांत्रिक बाजू’ दिली. म्हणजे सर मिरवणार आणि मी निस्तरणार.

गेल्या हिवाळ्यात सरांनी जाहीर केलं, की रामशेज किल्ल्यावरून दिसणारा सगळा परिसर, पायथ्याच्या वस्त्यांपासून थेट नाशिक शहरापर्यंत, ते एका छायाचित्रात आणणार. ते एका फोटोत मावत नाही. लांबचं जवळ आणणारी लेन्स लावून तुकड्यातुकड्यानं टिपायचं आणि मग संगणकावर जोडायचं. चार ओळी, प्रत्येक ओळीत एकोणऐंशी फोटो. एकच अट असते. प्रत्येक फोटोत आधीच्या फोटोचा थोडा भाग आला पाहिजे, म्हणजे सॉफ्टवेअरला सांधा सापडतो. हे मी सरांना तीनदा सांगितलं.

“शुभांगी, तुझ्या जन्माआधीपासून कॅमेरा धरतोय मी,” सर म्हणाले. कॅमेरा त्यांना निरोपसमारंभात मिळाला होता, हे सगळ्या मंडळाला माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी कार्ड माझ्याकडे आलं. तीनशे सोळा हवे होते, तीनशे नऊ निघाले. सगळ्यात खालच्या ओळीत मधेच सात फोटो नव्हते. नंबर मात्र सलग. म्हणजे पुसले गेले नव्हते, काढलेच नव्हते. त्याच वेळचा सरांचा फेसबुकवरचा व्हिडिओ मी बघितला होता. कड्यावर उभे राहून ते संयमावर बोलत होते. बोलण्याच्या नादात तिकाटण्यावरचा कॅमेरा त्यांनी फोटो न काढताच पुढे फिरवला असणार.

“सर, पुन्हा जावं लागेल. सात फोटोंएवढी जागा रिकामी आहे.”

“काय आहे तिथं?”

“पायथ्याची वस्ती, शेतं.”

“शेतंच ना? मग शेजारची शेतं ओढून लाव. कोण मोजायला बसलंय!”

आणि मी लावली. ही माझीही लाज आहे, लपवत नाही. शेजारचे द्राक्षाचे मांडव, एक विहीर, एक लिंब उचलून त्या भोकावर चिकटवले, कडा घासल्या. इतकं बेमालूम, की सरांनी स्वतःचीच पाठ थोपटली.

गंगापूर रोडवरच्या एका दालनात चाळीस फुटांची छपाई भिंतीवर लागली. शेजारी मोठा पडदा. त्यावर बोटांनी चित्र वाढवून बघता येत होतं. पाहुणे आले, दीप लागला. सर माईकवर म्हणाले, “यात कणन् कण आहे. प्रत्येकानं आपापलं घर शोधावं!”

माणसं लगेच घरं शोधायला लागली. चित्रातल्या डोंगरांकडे कुणी ढुंकून बघितलं नाही. आपली गच्ची, आपली टाकी, एकाला तर वाळत घातलेली स्वतःची लुंगी सापडली. त्या गर्दीत हार घेऊन आलेली बयाबाई होती. रामशेजच्या पायथ्याशी तिचा शेवंतीचा मळा. रिकामी पाटी कमरेवर धरून ती पडद्यासमोर बराच वेळ उभी राहिली.

“पोरी, माझं घर कुठं हाय गं?” तिनं मला विचारलं.

तेवढ्यात सर आलेच.

“आजी, इतक्या लांबून सगळीच घरं नाही दिसत.”

“दिसत्यात की. ही बुधाची इहीर. हा त्याचा लिंब. ह्याच्या फुडं माझं घर.” तिनं बोट पुढं सरकवलं आणि थांबली. “आन् हितं परत बुधाचीच इहीर? एक खांदता खांदता त्याचा जलम गेला, दुसरी कवा खांदली?”

कुणीतरी फिसकन हसलं. पाहुण्या बाई वाकून बघायला लागल्या. एक विहीर, एक लिंब. पुन्हा तीच विहीर, तोच लिंब. फांदीवरचा कावळासुद्धा तोच.

सर माझ्याकडे वळले. “सॉफ्टवेअरची गडबड झाली असणार. हो ना, शुभांगी?”

‘हो’ म्हटलं असतं तर तिथंच मिटलं असतं. पण बयाबाई माझ्याकडे बघत होती.

“नाही सर. तुम्ही सात फोटो काढलेच नाहीत. भोक पडलं होतं. तुम्ही बुजवायला सांगितलं, मी बुजवलं.”

“आन् माझं घर बुजवलं व्हय!” बयाबाई म्हणाली.

सगळं दालन हसलं. सरांनी पाहुण्यांना घाईघाईनं अल्पोपाहाराकडे नेलं. दुसऱ्या दिवशी पेपरात फोटोसह बातमी आली, ‘कणन् कण टिपणारा अवलिया’. बातमी सरांनी आधीच लिहून दिली असावी. मला मंडळाच्या ग्रुपमधून काढलं होतं.

पुढच्या रविवारी मी रामशेज चढले. त्याच कड्यावरून, फोन बंद ठेवून, ते सात फोटो काढले, घरी येऊन नीट जोडले, छापले आणि कागद घेऊन बयाबाईच्या मळ्यात गेले. ती फुलं तोडत होती. तिनं चित्र लांब धरून बघितलं.

“एवढ्यासाठी गड चढलीस?”

“तुमचं घर राहिलं होतं ना.”

“घर मला रोजच दिसतंय. मला त्या बाबाचं त्वांड बघायचं हुतं, ते बघितलं.”

तिनं कागद सुनेकडे दिला आणि माझ्यापुढं पाटी सरकवली. “आलीच हायेस तर ह्यो वाफा उरकू लाग. टेम्पो यायची येळ झाली.”