अहल्याबाईंचे पातेले आणि माझा संशय

मी एक जुना, बावीस खाटांचा सुट्टीचा बंगला आहे. बडोद्यापासून तासाभराच्या अंतरावर, कपाशीच्या शेतांमध्ये उभा आहे. मित्रांनो, आधीच सांगून ठेवतो, माझा स्वभाव संशयी आहे. दारात गाडी थांबली की माझे लक्ष पाहुण्यांच्या चेहऱ्यांकडे न जाता त्यांच्या पिशव्यांकडे जाते.

पूर्वी मी असा नव्हतो. बडोद्यातल्या कारेलीबागेतले दिनकरराव आणि त्यांच्या पत्नी अहल्याबाई यांनी सगळ्या नातलगांना एकत्र राहता यावे म्हणून मला बांधले. तेव्हा माझ्या ओसरीवर तीस पाने बसत आणि माझे कौतुक होई. पुढे नातलग पांगले, अहल्याबाई गेल्या, आणि दिनकरराव मला मंडळांना, सहलींना देऊ लागले. कोणी माझ्या भिंतीवर आपले नाव कोरले, कोणी न्हाणीघराची बादली नेली. तेव्हापासून मी चमचेसुद्धा मोजू लागलो.

माझी देखभाल मंदाबेन करते. तिचा नवरा जवळच्या कारखान्यात कामाला आला आणि ती इथलीच झाली. अलीकडे रोज संध्याकाळी ती मागच्या दाराने एक गाठोडे घेऊन निघे. माझ्या मनात पाल चुकचुकली. काय नेते ही?

होळीला बडोद्यातल्याच अकोटा भागातले भजनी मंडळ आले. बायकांनी पुरणपोळ्या केल्या, कटाची आमटी केली, हसून हसून माझे छप्पर हलवले. मंडळी गेल्यावर स्वयंपाकघरातले मोठे स्टीलचे पातेले दिसेना. त्याच्या काठावर 'सौ. अहल्या' असे नाव घातलेले होते. दिनकरराव इथे आले की दुसऱ्या कशाला नाही, पण त्या पातेल्याला एकदा हात लावून जात.

"मंदाबेन, पातेलं कुठे आहे?" त्यांनी विचारले.

"ठाऊक नाही, काका. मंडळाच्या बायकांना फोन करून विचारा ना."

"पाहुण्यांना असं विचारतात होय? आपल्यालाच बरं नाही लागत."

पाहुण्यांना विचारणे बरे दिसत नव्हते. मंदाबेनला विचारताना मात्र कोणाला काही वाटले नाही. खरे सांगतो, मलाही वाटले नाही. मला ते गाठोडे आठवत होते.

दीड महिना दिनकरराव धुमसत राहिले. शेवटी एका सकाळी ते ओसरीवर बसून म्हणाले, "पातेलं आण, नाहीतर उद्यापासून येऊ नकोस." मंदाबेनने चाव्या त्यांच्यापुढे ठेवल्या. मग हातातले गाठोडे सोडून जमिनीवर पसरले. त्यात पाहुण्यांच्या चादरी होत्या, धुतलेल्या, घड्या घातलेल्या.

"तुमच्या टाकीला गळती आहे, काका. पाणी पुरत नाही. चार वेळा सांगितलं. म्हणून घरी नेऊन धुते, सकाळी परत आणते."

मी तिला रोज सकाळी गाठोडे घेऊन येताना पाहिले होते. पण मी फक्त जाणारे गाठोडे लक्षात ठेवले होते.

तेवढ्यात फाटकाशी रिक्षा थांबली. भजनी मंडळाच्या यशश्रीताई उतरल्या. दोन्ही हातांत तेच पातेले, वरती फडके बांधलेले.

"माफ करा हं, काका. आमटी खूप उरली होती, ती भांड्यासकट घरी नेली. घाईत सांगायचं राहिलं. मग भांडं रिकामं कसं परत करायचं? म्हटलं कैऱ्या येऊ देत. किसून, साखर घालून याच्यातच छुंदा घातला आणि गच्चीवर उन्हात ठेवला. दहा दिवसांनी आज मुरला. लो, चाखून तर बघा."

दिनकररावांनी छुंदा चाखला नाही. त्यांनी समोरच्या चाव्या उचलल्या. मग उठले आणि चाव्या स्वतः मंदाबेनच्या हातात दिल्या. "चुकलं माझं," एवढेच म्हणाले. मंदाबेनने छुंदा बरणीत काढला, पातेले घासले आणि जागेवर ठेवले.

दुसऱ्या आठवड्यात टाकी दुरुस्त झाली. आता चादरी माझ्याच अंगणात वाळतात आणि मंदाबेनजवळ एक छोटी पिशवी तेवढी असते.

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या घराचे नळ, टाक्या, छपरे वेळेवर बघत जा. आणि काही हरवले तर आधी सगळ्यांना सारखेच विचारा, पाहुण्यांनाही. मी हे उशिरा शिकलो.

कारण मंदाबेन आजही संध्याकाळी निघताना ओसरीवर थांबते. समोर कोणी नसते. तरी ती पिशवी उलटी करून झटकते, डबा उघडून दाखवते आणि मगच कुलूप लावते. तिला असे करायला कोणीही सांगितलेले नाही. ती हे कोणाला दाखवते, ते मला ठाऊक आहे.